स्वदेशी नौदल शस्त्राची बातमी आली की काय काय तपासायचं

सीमेवर तणाव वाढला की नौदलाच्या बातम्यांना पूर येतो. 'संपूर्ण स्वदेशी क्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी, शत्रूला धडकी' अशा एका ओळीत तीन वेगळे दावे कोंबलेले असतात. शस्त्र तयार आहे, ते पूर्णपणे आपलं आहे आणि चाचणी कुणाला तरी इशारा म्हणून झाली. या तिन्ही दाव्यांचे पुरावे वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात, आणि प्रत्येकात होणारी चूकही वेगळी असते. म्हणून आधी ओळ फोडायची, मग एकेक तुकडा तपासायचा.

सामान फार लागत नाही. संरक्षण मंत्रालयाचं किंवा नौदलाचं मूळ निवेदन, दोन बिंदूंमधलं अंतर मोजता येईल असा संगणकावरचा नकाशा, कॅल्क्युलेटर आणि एक वही. सराव झाला की एका बातमीला अर्धा तास पुरतो.

मूळ निवेदन शोधा

चाचणीची अधिकृत माहिती पीआयबी या सरकारच्या प्रसिद्धी कार्यालयाच्या संकेतस्थळावर येते. बऱ्याचदा मराठीतही येते. मराठी अनुवाद वाचून थांबू नका, इंग्रजी मसुदाही उघडा. 'फ्लाइट टेस्ट' (शस्त्र घडवणाऱ्यांनी घेतलेलं चाचणी उड्डाण), 'युजर ट्रायल' (वापरणाऱ्या दलाने घेतलेली चाचणी) आणि 'युजर ट्रेनिंग लाँच' (त्या दलाने सरावासाठी केलेलं प्रक्षेपण) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत तिन्हींची 'चाचणी' होऊन बसते.

निवेदनातून पाच गोष्टी वहीत उतरवा. चाचणी कुणी घेतली, एकट्या डीआरडीओने म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेने की नौदलाबरोबर? शस्त्र कुठून सुटलं? लक्ष्य काय होतं? कोणता भाग नव्याने तपासला? आणि निवेदनात काय लिहिलेलं नाही? पाचवी गोष्ट सगळ्यात उपयोगाची. पल्ल्याचा आकडा दिलेला नसेल तर बातमीतला आकडा दुसरीकडून आलेला आहे. लक्ष्याचा उल्लेखच नसेल तर बहुधा क्षेपणास्त्र नीट सुटतं का, ठरलेल्या मार्गाने जातं का, एवढंच पाहिलं होतं.

टप्पा ओळखा

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. नौदलाचं क्षेपणास्त्र युद्धनौकेवर बसण्याआधी ढोबळमानाने या पायऱ्या चढतं: जमिनीवरच्या लाँचरमधून उड्डाण, मग नौकेवरून किंवा हेलिकॉप्टरवरून उड्डाण, मग प्रत्यक्ष लक्ष्यावर मारा, त्यानंतर वापरकर्त्याच्या म्हणजे नौदलाच्या चाचण्या, मग खरेदी करार, उत्पादन आणि शेवटी तैनाती. 'यशस्वी' हा शब्द यातल्या कुठल्याही पायरीवर लागतो.

व्हीएल-एसआरसॅम हे जहाजावरून सरळ वर सुटणारं, कमी पल्ल्याचं विमानवेधी क्षेपणास्त्र घ्या. २२ फेब्रुवारी २०२१ रोजी ओडिशातल्या चांदीपूरला ते जमिनीवरच्या स्थिर लाँचरमधून उडवलं गेलं. २४ जून २०२२ रोजी चांदीपूरच्याच किनाऱ्याजवळ ते नौदलाच्या जहाजावरून, वेगवान हवाई लक्ष्यावर सोडलं गेलं. दोन्ही बातम्यांचे मथळे जवळपास सारखेच होते. पण स्थिर जमिनीवरून उडणं आणि डोलणाऱ्या डेकवरून, जहाजाच्या रडारशी बोलत उडणं यात फरक मोठा आहे. जहाज कलतं तेव्हा लाँचरही कलतो आणि क्षेपणास्त्राला निघताक्षणी स्वतःची दिशा सावरावी लागते. बाहेर पडणारा ज्वालावायू डेकखालून सुरक्षित निघून जाईल अशी वाट आधीच करून ठेवावी लागते. या क्षेपणास्त्राच्या रचनेत पुण्याजवळच्या दिघीची आर अँड डीई ही डीआरडीओची प्रयोगशाळाही आहे. बातम्यांत तिचं नाव क्वचितच दिसतं.

दुसरं उदाहरण एनएएसएम-एसआर या जहाजभेदी क्षेपणास्त्राचं. हेलिकॉप्टरवरून सुटणारं हे ३८० किलो वजनाचं, सुमारे ५५ किलोमीटर पल्ल्याचं अस्त्र. मे २०२२ मध्ये सी किंग हेलिकॉप्टरवरून त्याचं पहिलं उड्डाण झालं. २५ फेब्रुवारी २०२५ च्या चाचणीत नवं काय होतं, तर क्षेपणास्त्र निघाल्यानंतर त्याच्या शोधकाने, म्हणजे टोकातल्या लक्ष्य हुडकणाऱ्या उपकरणाने, पाठवलेलं चित्र वैमानिकाने पाहिलं आणि दिसणाऱ्या लक्ष्यांतून मारायचं कुठलं ते उड्डाणादरम्यान निवडलं. म्हणजे बातमी होती ती दुतर्फा डेटालिंक (क्षेपणास्त्र आणि हेलिकॉप्टर यांच्यातला संदेशदुवा) आणि अवरक्त म्हणजे उष्णता टिपणारा शोधक यांची. 'नव्या क्षेपणास्त्राची पहिली चाचणी' असं ज्यांनी छापलं त्यांनी तीन वर्षांचा इतिहास पुसला आणि खरी प्रगतीही सांगायची राहिली.

'लक्ष्याचा वेध घेतला' हे वाचलं की आणखी एक गोष्ट विचारा: पुढच्या टोकात स्फोटकं होती का? बऱ्याच चाचण्यांत तिथे स्फोटकांऐवजी मोजमापाची उपकरणं असतात, कारण शास्त्रज्ञांना स्फोट नको असतो, आकडे हवे असतात. पाणतीराच्या (टॉर्पेडोच्या) सरावात तर सरावी टोक लावून तो परतही काढतात आणि पुन्हा वापरतात. वरुणास्त्र या पाणतीराने जून २०२३ मध्ये पाण्याखालच्या लक्ष्यावर खऱ्या स्फोटकांसह मारा केला, तेव्हा नौदलाने त्याचा मुद्दाम उल्लेख केला होता. जिथे असा उल्लेख नाही तिथे स्फोट झाला असं धरून चालू नका.

'स्वदेशी' म्हणजे नेमकं काय

या शब्दाला सरकारी हिशेब आहे आणि तो ठाऊक नसेल तर टक्केवारीचा अर्थच लागत नाही. २०२० च्या संरक्षण खरेदी कार्यपद्धतीत 'बाय इंडियन-आयडीडीएम' हा सर्वात वरचा वर्ग आहे. म्हणजे रचना, विकास आणि उत्पादन भारतातलं. त्यासाठी स्वदेशी हिस्सा किमान ५० टक्के लागतो. 'बाय इंडियन' वर्गात रचना भारतीय असेल तर ५० टक्के, नसेल तर ६० टक्के. 'बाय ग्लोबल'मध्ये भारतीय विक्रेत्यालाही किमान ३० टक्क्यांची अट आहे. हे टक्के किमतीवर मोजतात, सुट्या भागांच्या संख्येवर नाही. त्यामुळे सगळ्यात वरच्या वर्गातल्या शस्त्रातही निम्म्या किमतीचा माल बाहेरून आलेला असू शकतो आणि त्यात नियमाचा भंग काहीच नसतो.

नौदलाचा स्वतःचा हिशेब याहून प्रामाणिक आहे. ते जहाजाचे तीन भाग करतात: तरंगणारा, चालवणारा आणि लढणारा. २०१५ ते २०३० च्या स्वदेशीकरण आराखड्यात नौदलानेच दिलेली स्थिती अशी होती: तरंगणाऱ्या भागात सुमारे ९० टक्के, चालवणाऱ्यात ६० टक्के आणि लढणाऱ्यात ३० टक्के. आकडे तेव्हाचे आहेत, पुढे सरकलेही आहेत, पण उतरंड तीच राहते. सांगाडा आपला, इंजिनात अर्धीमुर्धी अडचण आणि शस्त्रं व शोधक सगळ्यात अवघड. म्हणून जहाजाची एकच टक्केवारी सांगणाऱ्या बातमीला विचारायचं, या तिन्हींपैकी कशाची?

विमानवाहू 'विक्रांत'वर हे करून पाहू. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत दाखल झालेल्या या २६२ मीटर लांबीच्या नौकेचा स्वदेशी हिस्सा अधिकृतपणे ७६ टक्के सांगितला जातो. पोलाद डीआरडीओने विकसित केलेलं आणि सेल या सरकारी पोलाद कंपनीने बनवलेलं डीएमआर जातीचं, सुमारे ३० हजार टन. ही खरोखर मोठी गोष्ट आहे, कारण असं पोलाद आधी बाहेरून आणावं लागे आणि त्यापायी जहाजाचं काम रखडलंही होतं. आता चालवणारा भाग: चार एलएम-२५०० गॅस टर्बाइन, मूळ रचना अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची. लढणारा भाग: मिग-२९के विमानं रशियन आणि एप्रिल २०२५ मध्ये करार झालेली २६ राफेल-एम फ्रेंच. ७६ टक्के खोटे नाहीत; नौकेवरची विमानं त्या आकड्यात धरलेलीच नाहीत, एवढंच.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिका अशाच वाचायच्या. रचना नौदलाच्या युद्धनौका रचना विभागाची, बांधणी माझगावची, स्वदेशी हिस्सा सुमारे ७५ टक्के. गॅस टर्बाइन मात्र युक्रेनच्या झोर्या-माशप्रोएक्ट कंपनीच्या. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर सुटे भाग आणि दुरुस्ती हा प्रश्न माझगावपासून हजारो किलोमीटरवरच्या मिकोलाइव्ह शहराशी जोडला गेला. बाहेरच्या देशातला तणाव स्वदेशी जहाजावर कसा येऊन आदळतो ते इथे दिसतं. पुढच्या डेकवरची ७६ मिलिमीटरची तोफ हरिद्वारच्या भेलमध्ये बनते, पण रचना इटलीची. तेव्हा वहीत दोन रकाने आखा: 'कुठे बनलं' आणि 'कुणी रचलं'. एकाच रकान्यात दोन्ही भरलं की चूक झालीच.

याच रकान्यांत पुढची नावं टाकून ठेवा, वारंवार लागतात. ब्रह्मोस ही डीआरडीओ आणि रशियाच्या एनपीओ माशिनोस्त्रोयेनिया यांची संयुक्त निर्मिती. फेब्रुवारी १९९८ चा करार, १२ जून २००१ ला पहिलं उड्डाण. 'पूर्ण स्वदेशी' असा शिक्का तिच्यावर मारू नये. नौदलाच्या विनाशिकांवरचं मध्यम पल्ल्याचं विमानवेधी एमआरसॅम म्हणजे बराक-८, इस्रायलच्या आयएआय कंपनीबरोबर विकसित केलेलं. कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या माझगावच्याच, पण रचना फ्रान्सची. वरुणास्त्र हा जड पाणतीर मात्र विशाखापट्टणमच्या एनएसटीएल प्रयोगशाळेने रचलेला, भारत डायनॅमिक्सने बनवलेला. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, जून २०१६ मध्ये तो नौदलाकडे सोपवला गेला आणि त्याचा सुमारे ९५ टक्के भाग स्वदेशी सांगितला जातो. आमच्या मते 'स्वदेशी' हा शब्द बिनदिक्कत वापरावा अशा नौदल शस्त्रांत हा सर्वात वर. गंमत अशी की बातम्यांत त्याला ब्रह्मोसच्या दशांश जागाही मिळत नाही.

कलवरी पाणबुड्यांसाठी इटलीचे ब्लॅक शार्क पाणतीर घ्यायचं ठरलं होतं. त्याच उद्योगसमूहाशी जोडलेल्या व्हीआयपी हेलिकॉप्टर लाच प्रकरणानंतर ती खरेदी रद्द झाली आणि नव्या पाणबुड्या नव्या जड पाणतीरांविना राहिल्या. वरुणास्त्र जहाजावरून सुटणारा असल्यामुळे तो उचलून पाणबुडीच्या नळीत भरता येत नाही. ३० डिसेंबर २०२४ रोजी दोन करार झाले. हवेविना चालणारी ऊर्जा यंत्रणा म्हणजे एआयपी बसवण्यासाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटींचा, आणि डीआरडीओचा पाणतीर कलवरीवर जोडण्यासाठी फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी सुमारे ८७७ कोटींचा. एआयपीचं मूळ काम डीआरडीओच्या अंबरनाथमधल्या एनएमआरएल या प्रयोगशाळेचं. तिथल्या इंधनघटांची जमिनीवरची चाचणी मार्च २०२१ मध्ये झाली. आपला पाणतीर परदेशी रचनेच्या पाणबुडीत बसवायचा तर मूळ रचनाकाराला पैसे मोजावे लागतात, कारण नळी, वीज आणि नियंत्रण संगणक यांच्या जोडण्या त्याच्या हातात असतात. 'शस्त्र स्वदेशी' आणि 'शस्त्र वापरण्याची मोकळीक' या दोन वेगळ्या नोंदी झाल्या.

आकडे तपासा

पल्ला. ब्रह्मोसचा पल्ला अनेक वर्षं २९० किलोमीटर सांगितला गेला, कारण एमटीसीआर या क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेची रेषा ३०० किलोमीटर आणि ५०० किलो भार अशी आहे. रशिया तिचा सदस्य होता, भारत नव्हता. जून २०१६ मध्ये भारत सदस्य झाला आणि वाढीव पल्ल्याच्या चाचण्या सुरू झाल्या. म्हणून जुन्या लेखातला २९० आणि नव्यातला ४५० किंवा त्याहून मोठा आकडा पाहून कुणाला खोटं ठरवू नका. आधी तारीख पाहा आणि आवृत्ती पाहा.

पल्ल्याचा आकडा एकटा फसवाही असतो. वरुणास्त्राचं उदाहरण कागदावर सोडवा. पल्ला सुमारे ४० किलोमीटर, वेग ४० नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तेव्हा ४० नॉट म्हणजे ताशी ७४ किलोमीटर. पूर्ण पल्ला कापायला त्याला सुमारे ३२ मिनिटं लागतात. समोरचं जहाज २० नॉटने सरळ दूर पळत असेल तर तेवढ्या वेळात ते २० किलोमीटर पुढे जातं. म्हणजे पाठलागात हा पाणतीर ४० नव्हे, सुमारे २० किलोमीटरच्या आतूनच सोडावा लागेल. लक्ष्य समोरून येत असेल तर हिशेब उलटा.

क्षेपणास्त्राच्या बाबतीत क्षितिज आडवं येतं. पृथ्वी गोल असल्यामुळे जहाजाच्या रडारला लाटांना खेटून येणारं क्षेपणास्त्र फार उशिरा दिसतं. सोपं सूत्र: रडारची उंची आणि लक्ष्याची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढून बेरीज करा, ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. रडार २५ मीटरवर आणि क्षेपणास्त्र ५ मीटरवर असेल तर ५ अधिक २.२४, गुणिले ४.१२, म्हणजे सुमारे ३० किलोमीटर. ध्वनीच्या ०.८ पट वेगाच्या क्षेपणास्त्राला हे अंतर कापायला सुमारे ११० सेकंद लागतात. २.८ पट वेग धरला तर सुमारे ३१ सेकंद. बचाव करणाऱ्याच्या हातात एवढाच वेळ. वेगाची बातमी का होते ते या दोन आकड्यांवरून कळतं, आणि ७० किलोमीटर पल्ल्याचं विमानवेधी क्षेपणास्त्र असूनही समुद्राला खेटून येणाऱ्या लक्ष्याविरुद्ध एकट्या जहाजाला तो पल्ला पुरता का वापरता येत नाही, हेही. दुसऱ्या जहाजाने किंवा विमानाने आधी पाहून माहिती दिली तरच तो उपयोगी पडतो.

'स्मार्ट'बद्दल वेगळा इशारा. १ मे २०२४ रोजी अब्दुल कलाम बेटावरून चाचणी झालेली ही यंत्रणा म्हणजे स्वनातीत क्षेपणास्त्राच्या टोकाला हलका पाणतीर. क्षेपणास्त्र दूर जाऊन पाणतीर सोडतं, तो हवाई छत्रीने पाण्यात उतरतो आणि मग पाणबुडी शोधतो. 'शेकडो किलोमीटर पल्ल्याचा पाणतीर' हा मथळा इथेच चुकतो. पल्ला क्षेपणास्त्राचा असतो, पाणतीर पाण्यात पडल्यावर त्याच्या स्वतःच्या छोट्या पल्ल्यातच शोध घेतो. आणि एवढ्या दूरवरची पाणबुडी आधी कुणीतरी हेरलेली असावी लागते.

नोटॅम वाचायला शिका

चाचणीआधी विमानांसाठी नोटॅम नावाची अधिकृत सूचना आणि जहाजांसाठी सागरी इशारा निघतो. भारताभोवतालच्या 'नॅव्हएरिया आठ' या समुद्रक्षेत्राचे इशारे देहरादूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयातून जातात. त्याच्या पश्चिमेचं क्षेत्र 'नऊ', त्याची जबाबदारी पाकिस्तानकडे. हे इशारे कुणालाही वाचता येतात. समाजमाध्यमांवर नकाशावर लाल पट्टा ओढलेलं जे चित्र फिरतं ते यांच्यावरूनच केलेलं असतं.

नोटॅमचा साचा ठरलेला. 'ए' ओळीत हवाई क्षेत्र, 'बी'त सुरुवात, 'सी'त शेवट, 'ई'त मजकूर आणि अक्षांश-रेखांश, 'एफ' आणि 'जी'त खालची-वरची उंची. 'क्यू' ओळीतल्या सांकेतिक शब्दात 'डब्ल्यूएम' आलं तर क्षेपणास्त्र, तोफ किंवा अग्निबाण यांचा मारा. 'आरडी' म्हणजे धोक्याचं क्षेत्र, 'आरटी' म्हणजे तात्पुरत्या निर्बंधाचं क्षेत्र.

पहिली हमखास चूक वेळेची. तारीख वर्ष-महिना-दिवस-तास-मिनिट अशी सलग दहा आकड्यांत आणि जागतिक वेळेत असते. सरावासाठी रचलेलं उदाहरण: बी ओळीत २५०३१००३३०, सी ओळीत २५०३१००९३०. म्हणजे १० मार्च २०२५, आपल्याकडच्या वेळेनुसार सकाळी ९ ते दुपारी ३. साडेपाच तास मिळवायला विसरलात की 'पहाटे साडेतीनला चाचणी' अशी बातमी तयार.

दुसरी चूक अंतराची. समजा पट्ट्याचं एक टोक २० अंश ४५ मिनिटं उत्तर, ८७ अंश ५ मिनिटं पूर्व, आणि दुसरं १७ अंश उत्तर, ८८ अंश पूर्व. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, तेव्हा उत्तर-दक्षिण फरक २२५ सागरी मैल. रेखांशाचा फरक ५५ मिनिटं, पण इथे विषुववृत्तापासून दूर असल्यामुळे त्याला सुमारे ०.९५ ने गुणायचं, म्हणजे ५२ मैल. पायथागोरस लावा: २३१ सागरी मैल. किलोमीटर करायला १.८५२ ने गुणा: सुमारे ४२८. जो २३१ लाच किलोमीटर म्हणतो त्याचा पल्ला जवळजवळ निम्म्यावर येतो.

तिसरी चूक अर्थ लावण्याची आणि तीच सगळ्यात महागात पडते. पट्ट्याची लांबी म्हणजे शस्त्राचा पल्ला नव्हे. सुरक्षेसाठी जास्तीची जागा सोडलेली असते आणि लांब पल्ल्याचं अस्त्र मुद्दाम कमी अंतरावर पाडताही येतं. किनाऱ्यावरच्या प्रक्षेपण केंद्रापासून निघणारा, निमुळता, वरची मर्यादा नसलेला लांबलचक पट्टा असेल तर बहुधा बॅलिस्टिक, म्हणजे उंच जाऊन कमानीत खाली येणारं, क्षेपणास्त्र. किनाऱ्यापासून दूर, समुद्रातच चौकोन आखलेला असेल तर बहुधा जहाजावरचा मारा. 'बहुधा' खोडू नका. नोटॅम निघाला म्हणजे चाचणी झाली असंही नाही. हवामान, तांत्रिक अडचण किंवा पट्ट्यात शिरलेलं जहाज यामुळे ती पुढे जाते, नोटॅम रद्द होतो, पुन्हा निघतो. चांदीपूरच्या बाबतीत आणखी एक खूण असते: बालेश्वर जिल्हा प्रशासन चाचणीपुरतं जवळपासच्या वस्त्यांतल्या लोकांना हलवतं आणि ती बातमी स्थानिक उडिया माध्यमांत आधी येते.

'इशारा' होता का?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामचा हल्ला झाला. २४ एप्रिलला नौदलाने 'आयएनएस सुरत'वरून समुद्राला खेटून जाणाऱ्या लक्ष्याचा एमआरसॅमने वेध घेतल्याचं जाहीर केलं. त्याच दिवसांसाठी पाकिस्तानने कराचीच्या किनाऱ्याजवळ क्षेपणास्त्र चाचणीचा इशारा दिलेला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण 'सुरत' १५ जानेवारी २०२५ लाच मुंबईत नौदलात दाखल झालेली नवी विनाशिका, आणि नव्या नौकेची शस्त्रचाचणी व्हायचीच असते. दिवस तणावामुळे निवडला की आधीच ठरला होता, हे त्या निवेदनातून कळत नाही. जाहीर करण्याची वेळ मात्र नक्कीच निवडलेली असते. तेव्हा लिहा, 'तणावाच्या काळात नौदलाने जाहीर केलं'. 'उत्तर म्हणून चाचणी केली' असं लिहायला कुणा जबाबदार व्यक्तीचं विधान लागतं.

बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांसाठी एक पक्का आधार आहे. ३ ऑक्टोबर २००५ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान अशा चाचणीची किमान तीन दिवस आधी एकमेकांना सूचना देतात. जमिनीवरून असो वा समुद्रातून. प्रक्षेपणाची जागा सीमेपासून ४० किलोमीटरच्या आत नको आणि पडण्याची जागा ७५ किलोमीटरच्या आत नको. म्हणजे बॅलिस्टिक चाचणीने शेजारी 'हादरला' असं म्हणण्यात फार अर्थ नाही, त्याला आधीच कळवलेलं असतं. क्रूझ म्हणजे विमानासारखी हवेतून उडत जाणारी क्षेपणास्त्रं या करारात नाहीत, म्हणून ब्रह्मोसला हा नियम लावू नका.

क्षेपणास्त्रांचा आणि उपग्रहांचा मागोवा घेणारी चीनची जहाजं हा तिसरा धागा. युआन वांग ५ हे जहाज १६ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदरात लागलं तेव्हा बराच गदारोळ झाला. असं जहाज हिंदी महासागरात असताना नोटॅम रद्द झाला की दोन्हींचा संबंध जोडला जातो. तो असू शकतो, पण नुसता तारखांचा मेळ हा पुरावा नव्हे. जहाजाची जागा सांगणाऱ्या एआयएस संकेताच्या नोंदीही सावधपणे वापरा. युद्धनौका तो संकेत अनेकदा बंदच ठेवतात आणि खोटा संकेतही पाठवता येतो.

पैसे

एकच खरेदी चार वेळा बातमी होते: संरक्षण खरेदी परिषदेची तत्त्वतः मान्यता, निविदा, मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीची मंजुरी आणि करार. या चारही वेळच्या आकड्यांची बेरीज करून 'एका वर्षात अमुक लाख कोटी' असं सांगणारे आहेत. करार झाला तोच आकडा धरा. १ मार्च २०२४ रोजी ब्रह्मोस क्षेपणास्त्रांसाठी झालेला १९,५१८.६५ कोटींचा करार हा असा पक्का आकडा.

चित्रं आणि चित्रफिती

जहाज ओळखायला बाजूवर रंगवलेला क्रमांक पाहा. विशाखापट्टणम डी ६६, मोरमुगाव डी ६७, इंफाळ डी ६८, सुरत डी ६९. विमानवाहूंत विक्रांत आर ११ आणि रशियाकडून घेतलेली विक्रमादित्य आर ३३. 'स्वदेशी विक्रांत' म्हणून विक्रमादित्यचं चित्र लावण्याची चूक आजही होते. क्रमांक दिसत नसेल तर चित्र उलट शोधून त्याची पहिली तारीख काढा. मे २०२५ मध्ये कराची बंदर नौदलाने उद्ध्वस्त केल्याच्या बातम्या काही वाहिन्यांवर रात्रभर चालल्या आणि त्या खोट्या निघाल्या. व्हिडिओ गेममधली दृश्यं युद्धाची म्हणून खपवण्याचा प्रकार तर इतका बोकाळला की 'आर्मा ३' या गेमच्या निर्मात्यांनीच २०२२ मध्ये त्या ओळखायच्या खुणा सांगितल्या: अंधुक चित्र, हलता कॅमेरा, बहुतेकदा रात्र, आवाज नाही, माणसं हलताना दिसत नाहीत. स्फोटाचा धूर आणि ढिगारा नैसर्गिक वाटत नाही, हीही एक खूण.

मुंबईच्या किनाऱ्यावरून किंवा मच्छीमार नौकेवरून युद्धनौका बाहेर पडताना दिसली तर तिचं छायाचित्र वेळेसह टाकू नका. २६ एप्रिल २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण टाळण्याची सूचना माध्यमांना आणि समाजमाध्यमांनाही दिली होती. जुनं, अधिकृतपणे प्रसिद्ध झालेलं छायाचित्र वापरा आणि खाली 'संग्रहित' असं लिहा.

एवढं झाल्यावर सुरुवातीची ती ओळ एनएएसएम-एसआरच्या २०२५ च्या चाचणीसाठी अशी लिहिता येते: 'डीआरडीओ आणि नौदलाने २५ फेब्रुवारी रोजी चांदीपूरजवळ हेलिकॉप्टरवरून सुटणाऱ्या स्वदेशी रचनेच्या जहाजभेदी क्षेपणास्त्राची चाचणी घेतली, उड्डाणादरम्यान लक्ष्य निवडण्याची सोय यात सिद्ध झाली.' जागा उरली तर शोधक भारतीय असल्याचं आणि प्रणोदकांवर म्हणजे क्षेपणास्त्राच्या इंधनावर काम करणारी पुण्याची एचईएमआरएल ही प्रयोगशाळा या विकासात असल्याचं जोडा.